सातव्या पाहुण्याचं अर्धं वाक्य

गेल्या महिन्यात हंबाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात पाच जण बोलले आणि पाचांनीही एकच पालुपद लावलं, की ऐकावं कसं ते बाईंकडून शिकावं. बाई खुर्चीत मान खाली घालून बसल्या होत्या. लोकांना वाटलं, विनय आहे. मागच्या रांगेत बसून मी मनात म्हटलं, विनय कसला डोंबलाचा. त्यांना ती भाषणं सोसत नव्हती. का सोसत नव्हती ते त्या हॉलमध्ये फक्त मला ठाऊक होतं. चारचौघांत उठून बोलणं मला जमत नाही, म्हणून लिहून ठेवतो आहे.

हंबाई हे नाव अर्थातच आईबापांनी ठेवलेलं नाही. ते ऑफिसातल्या पोरांनी ठेवलं, आणि बाईंना ते माहीत होतं. मुलाखत घेताना त्या निम्मा वेळ नुसतं ‘हं’ म्हणत. पण त्या एका अक्षराचे मी स्वतः नऊ प्रकार मोजलेत. ‘पुढे बोला’चा हं वेगळा, ‘हे मला नवीन आहे’चा वेगळा, आणि ‘तुम्ही आत्ता थाप मारलीत, पण मी काही म्हणणार नाही’ हा तर फारच वेगळा.

आमच्या ऑफिसचं काम असं. एखादी कंपनी नवीन वस्तू काढायची म्हणते. शेगडी, दाराचं कुलूप, फोनवरचं ॲप, काहीही. ती वस्तू वापरणाऱ्या माणसांना आम्ही एकेकटं बोलावतो, तासभर बोलतं करतो, आणि त्यांचं घोडं कुठे अडतं ते कंपनीला लिहून देतो. कंपनी ते वाचते आणि पुष्कळदा आपल्याला हवं तेच करते. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. बाकी सगळे या माणसांना ‘युजर’ म्हणत. बाई त्यांना ‘पाहुणे’ म्हणत. पाहुण्यांशी बोलायचं काम बाईंचं. कोपऱ्यात बसून टिपणं काढायची आणि मागाहून रेकॉर्डिंग ऐकून सगळं टाइप करायचं, हे काम माझं. मी मूळचा टायपिस्ट. आधीची कचेरी बंद पडली म्हणून पन्नाशीत इथे येऊन पडलो. पहिले काही दिवस मला हे सगळं सोंग वाटलं. कपडे धुण्याच्या मशीनवर माणसाला तासभर बोलायला लावायचं म्हणजे रिकामटेकडेपणाची हद्द झाली.

मग मी बाईंना काम करताना पाहिलं आणि माझं तोंड बंद झालं. मुलाखतीच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या, त्या त्यांनी समोरासमोर न ठेवता जरा तिरक्या ठेवल्या होत्या. समोरासमोर बसलं की चौकशी चालल्यासारखं वाटतं, म्हणत. भिंतीवरचं घड्याळ त्यांनी काढून पाहुण्याच्या पाठीमागे लावून घेतलं होतं. वेळ आपण बघायची, पाहुण्याला दिसता कामा नये. पाण्याचा जग पाहुण्याच्या हाताशी. का, तर बोलता बोलता अडलेला माणूस पाणी ओततो, आणि पाणी ओतताना जे बोलतो ते खरं असतं. उत्तर संपलं की त्या लगेच पुढचा प्रश्न विचारत नसत. मनात सातपर्यंत मोजत. मला एकदा म्हणाल्या, “लोकांना शांतता सोसत नाही. पाच-सहापर्यंत आले की आपणहून बोलतात. तेच ऐकण्यासारखं असतं.” मी घरी बायकोवर प्रयोग करून पाहिला. तिसऱ्या आकड्यालाच ती म्हणाली, “असे काय बघताय, झोप झाली नाही का?”

बाईंच्या घरचे मात्र त्यांच्या कानांना वैतागलेले असत. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. तो ऑफिसात आला की सगळ्यांदेखत सांगायचा, “दिवसभर लोकांचं ऐकून हिचा कोटा संपतो. घरी मी भिंतीशी बोलतो.” मुलगी रागावली की म्हणायची, “आई, माझी मुलाखत घेऊ नकोस.” बाई हसत. पण एकदा डबा खाताना मला म्हणाल्या होत्या की घरी त्या खरंच घाई करतात, आणि ते त्यांना कळतं. धीर नोकरीच्या जागी खर्च होतो आणि घरी उरतो तो चिडका जीव. हे त्या सहज म्हणाल्या नव्हत्या. डबा अर्धा ठेवून उठल्या होत्या.

आणखी एक नियम त्यांनी घालून घेतला होता. पाहुण्याचं रेकॉर्डिंग सहा महिन्यांनी पुसायचं. लोक विश्वासाने बोलतात, त्यांचा आवाज कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं पडून राहू नये, म्हणून त्या साहेबांशी भांडल्या होत्या. नियम चांगलाच होता, आजही मी तेच म्हणेन. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला यादी घेऊन बसायचं आणि मुदत भरलेली रेकॉर्डिंग पुसून टाकायची, हे काम माझ्याकडे होतं. मागे राहायचा तो मी टाइप केलेला मजकूर, आणि त्यावरही पाहुण्याचा नुसता आकडा.

तर एका वर्षी कपडे धुण्याच्या मशीनचं काम आलं. वयस्क लोकांसाठी नवीन पॅनेल करायचं होतं. बटणं कुठे हवीत, दिवे कसले, मशीन थांबल्यावर शिट्टी वाजवायची की नाही, असलं सगळं. मशीनवाल्यांचा एक तरुण साहेब शेजारच्या खोलीत बसून पडद्यावर मुलाखती बघायचा. त्याला आम्ही पॅनेलवाला म्हणायचो. बाईंच्या मांडीवर टॅबलेटची एक छोटी पाटी असे, तिच्यावर तो तिकडून निरोप पाठवायचा. पाचव्या आणि सहाव्या पाहुण्याने भलतंच पाल्हाळ लावलं आणि पॅनेल दाखवायचं राहूनच गेलं. पॅनेलवाला भडकला. म्हणाला, असंच चालणार असेल तर उरलेल्या मुलाखती आम्ही आमच्या घेऊ. साहेबांनी बाईंना बोलावून समज दिली. वीस वर्षांत त्यांना कुणी अशी समज दिली नव्हती. बाहेर आल्या तेव्हा कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी सातवा पाहुणा आला. रिटायर झालेला लिफ्टमिस्त्री. इस्त्रीचा शर्ट, जाड बोटं. संमतीच्या कागदावर सही करायला त्याला एक मिनिट लागलं आणि आपली प्रत त्याने चार घड्या घालून खिशात ठेवली. बोलायला फार हळू. एकेक शब्द डब्यातून निवडून काढावा तसा काढायचा. पण बोलत होता ते सोन्यासारखं. म्हणाला, “लिफ्ट काय आणि मशीन काय, बिघडायच्या आधी आवाजातून सांगते. माणसंच ऐकत नाहीत.” घरचे कपडे तोच धुवायचा, रोज सकाळी नऊला. मशीन लावायचा आणि ते थांबेपर्यंत तिथेच स्टुलावर बसून राहायचा.

बाईंनी विचारलं, “झाल्यावर शिट्टी वाजते ना? मग तुम्ही तिथेच का बसून राहता?”

लिफ्टमिस्त्रीने पाण्याचा जग उचलला. पाणी ग्लासात ओतलं. हसला. “कसं सांगू, हसाल तुम्ही. ती त्या वेळी...”

तेवढ्यात बाईंच्या मांडीवरची पाटी उजळली. मला कोपऱ्यातून अक्षरं दिसली. ‘पॅनेल. नऊ मिनिटं उरलीत.’

बाईंनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, “ते आपण शेवटी बोलू या का? त्याआधी जरा हे पॅनेल बघाल?”

“हो हो, कामाचं आधी,” लिफ्टमिस्त्री म्हणाला आणि ग्लास न पिताच खाली ठेवला.

पॅनेल बघून झालं. हिरवा दिवा उन्हात दिसणार नाही, एवढं एक त्याने सांगितलं. तो त्या अख्ख्या कामातला सगळ्यात उपयोगी शेरा निघाला. शेवटी बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, “आणखी काही सांगायचं आहे का?” तो म्हणाला, “नाही नाही, झालं सगळं.” बाईंनी सातपर्यंत मोजलं नाही. आठवा पाहुणा बाहेर येऊन बसला होता.

मी संध्याकाळी टाइप करायला बसलो. आमच्याकडे एक पद्धत होती, विषयाबाहेरचं बोलणं आलं की ते कंसात आटपायचं. कंपनीचे लोक पानं मोजून कंटाळतात. त्या अर्ध्या वाक्याजवळ मी आलो, रेकॉर्डिंग मागे घेतलं नाही, दुसऱ्यांदा ऐकलं नाही. कंसात लिहिलं, ‘विषयांतर. घरगुती.’ आणि पुढे गेलो. मला घरी जायची घाई होती. घरी काही जळत नव्हतं, तरी घाई होती.

त्यानंतर आठ महिन्यांनी एका दुपारी रिसेप्शनवरची मुलगी आत आली. “बाई, एक काकू आल्यात. आजच्या यादीत नाहीत. पण तुमची सही असलेला कागद आहे त्यांच्याकडे.”

काकू उंच, सडपातळ होत्या. हातात कापडी पिशवी आणि चार घड्यांचा तो कागद. मुलाखतीच्या खोलीत आल्या, खुर्च्यांकडे बघितलं आणि विचारलं, “हे कुठल्या खुर्चीत बसले होते?” बाईंनी दाखवली. त्या तिच्यातच बसल्या.

“फार वेळ घेत नाही तुमचा,” त्या म्हणाल्या. “आमचे हे तुमच्याकडे मशीनबद्दल बोलायला आले होते. लिफ्टचं काम करायचे. त्यांना जाऊन तीन महिने झाले, दोन दिवसांच्या दुखण्यात गेले. कपाट आवरताना हा कागद मिळाला. बोलणं रेकॉर्ड होईल असं लिहिलंय ह्यात. ते मला ऐकायचंय.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मनात हिशेब केला. माणूस गेल्यानंतर महिनाभर त्याचं बोलणं आमच्या कपाटाशेजारच्या कॉम्प्युटरवर जिवंत होतं. मग पहिली तारीख आली आणि मी यादी घेऊन बसलो.

“सहा महिन्यांनी आम्ही ते पुसतो,” बाई म्हणाल्या. “नियम आहे. माझाच आहे. दोन महिने झाले पुसून.”

काकूंनी मान हलवली. रडल्या वगैरे नाहीत. “आवाज आहे हो माझ्याकडे. फोनमध्ये नातीच्या वाढदिवसाचा आहे, गाणं म्हणतायत. मला आवाज नकोय. मला ते काय बोलले ते हवंय.” मग जरा थांबून म्हणाल्या, “त्याचं कसं आहे, ताई, हे फार सावकाश बोलायचे, आणि मला धीर नाही. त्यांनी ‘आज’ म्हटलं की मी ‘बिल भरायचंय, माहितीय मला’ म्हणून मोकळी. चाळीस वर्षं त्यांची वाक्यं मीच संपवली. चुकीची संपवली असणार पुष्कळ, पण ते कधी बोलले नाहीत. तुमच्याकडून आले ना त्या दिवशी, तर इतके खुशीत. म्हणाले, एका बाईंनी तासभर ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही. मी म्हटलं, एवढं काय बोललात? तर म्हणाले, तुझाही विषय निघाला होता.”

काकूंनी हातातल्या कागदाची घडी उलगडली आणि परत घातली.

“मी विचारायला हवं होतं, काय निघाला म्हणून. मी म्हटलं, माझ्या तक्रारी केल्या असणार, दुसरं काय. ते हसले. ते राहिलंच मग. माझा काय विषय निघाला, तेवढं सांगा मला. लिहिलेलं तरी असेल ना तुमच्याकडे?”

लिहिलेलं होतं. बाईंनी मला सांगितलं आणि मी सात पानं छापून आणली. पाचव्या पानावर काय आहे ते मला आता आठवलं होतं. काकूंनी चष्मा लावला आणि पहिल्यापासून एकही ओळ न सोडता वाचायला सुरुवात केली. लिफ्ट आणि मशीनचं वाक्य आलं तिथे हसल्या, “हे घरी पण म्हणायचे.” पाचव्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

“हे काय आहे? विषयांतर, घरगुती?”

मी सांगितलं. कामाच्या बाहेरचं बोलणं असेल तर गाळतात. टाइप करणाऱ्याने गाळलं. आणि टाइप करणारा मी.

“म्हणजे मी इथे असणार,” त्या म्हणाल्या आणि बोट तिथेच ठेवलं.

त्या क्षणी मला मनापासून वाटलं की बाईंनी थाप मारावी. काय कठीण होतं? म्हणायचं, तुमचं फार कौतुक केलं त्यांनी, तुमच्या जिवावर संसार झाला म्हणाले. काकू तेवढं घेऊन समाधानाने घरी गेल्या असत्या. मी असतो तर मारली असती, शपथेवर सांगतो. पण बाईंनी आयुष्यात पाहुण्याच्या तोंडी कधी स्वतःचा शब्द घातला नव्हता.

“ताई, ह्यांनी गाळलं ते काही फार नव्हतं,” बाई म्हणाल्या. “मीच त्यांना थांबवलं. मी विचारलं होतं, मशीन चालू असताना तुम्ही तिथेच का बसून राहता. ते म्हणाले, कसं सांगू, हसाल तुम्ही. ती त्या वेळी... एवढंच म्हणाले. मी म्हटलं, ते आपण शेवटी बोलू.”

“मग शेवटी?”

“शेवटी मी विचारलं, आणखी काही सांगायचंय का. ते नाही म्हणाले.”

“नाहीच म्हणणार. एकदा तोडलं की ते परत त्या वाटेला जात नसत.”

“मला माहीत होतं,” बाई म्हणाल्या. “त्यांचं नाही, पण माणसांचं माहीत होतं. एकदा थांबवलेला माणूस परत बोलत नाही, हे मी नवीन मुलांना शिकवते. तरी थांबवलं. माझ्यावर लोक चिडले होते आणि मला वेळेत संपवायचं होतं. चूक माझी आहे. मला ते वाक्य तेव्हापासून आठवतंय, आणि पुढचं मला माहीत नाही.”

मला बाईंचा रागच आला. खरं बोलायची एवढी हौस कशाला, असं वाटलं. आणि त्या रागाआड माझं मला लपता येत होतं, हेही खरं.  मूग गिळून उभा राहिलो.

काकू चिडतील असं वाटलं होतं. त्या चिडल्या नाहीत. “म्हणजे तुम्ही पण तोडलंत,” एवढंच म्हणाल्या, आणि त्यात कसलाही टोमणा नव्हता. मग विचारलं, “सांगताना कसे दिसत होते?”

“हसत होते. थोडे लाजले होते.”

“लाजले होते?” त्यांनी ते दोनदा विचारलं. बाईंनी दोन्ही वेळा हो म्हटलं.

“ती त्या वेळी,” काकू स्वतःशी म्हणाल्या. “नऊ ते पावणेदहा. मी काय करते हो त्या वेळी?” आणि त्यांनी आमच्याकडे असं बघितलं, जणू ते आम्हाला ठाऊक असावं. “ओट्यापाशी असते. डबे पुसते. बहिणीचा फोन येतो, तिच्याशी बोलते. ह्यांच्यावर ओरडते, की बसलात काय नुसते, उठा. ह्यात लाजण्यासारखं काय आहे? ह्यातलं काय सांगणार होते ते?”

 बाईंचे डोळे भरले होते आणि त्या ते पुसत नव्हत्या. इतक्या वर्षांत पाहुण्यासमोर मी त्यांना असं पाहिलं नव्हतं.

“आता मशीन मीच लावते,” काकू म्हणाल्या. “त्या स्टुलावर बसूनही बघितलं. हे काय बघत असतील म्हणून. समोर ओटा दिसतो, खिडकी दिसते. बाकी काही नाही. त्यांना तिथून दिसायची ती मी. आता मीच स्टुलावर बसले तर ओट्यापाशी कोण असणार?”

त्या उठल्या. सात पानांतून पाचवं पान वेगळं काढलं, त्याच्या चार घड्या घातल्या आणि पिशवीत ठेवलं. बाकीची सहा पानं नीट जुळवून त्यांनी माझ्या हातात परत दिली.